ओसरी, छपरी, ढेलज की पोर्च? दारापुढच्या जागांचे शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जुना मातीचा वाडा पाडून त्याच जागेवर नवं घर बांधायचं आहे. नागपूरच्या आर्किटेक्टनं दिलेल्या नकाशात दर्शनी बाजूला तीन नावं आहेत: पोर्च, सिटआउट आणि फॉयर. बाबा म्हणतात, मला ओसरी पाहिजे. मोठे बाबा तिलाच छपरी म्हणतात. नांदेडकडून सून होऊन आलेली आजी विचारते, ढेलज कुठाय? आणि मिस्त्री रोज एकच विचारतो, ओटा किती उचलू? हे सगळे एकाच जागेचे शब्द आहेत का? नसतील तर नकाशावर काय लिहायचं?

ताई, एकाच जागेचे नाहीत. पण तुमच्या घरात जो गोंधळ चालू आहे तो मी दर दुसऱ्या घरी पाहतो. गेली २६ वर्षं मी वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर घरं बांधतो. स्वयंपाकघराचा नकाशा अर्ध्या तासात ठरतो, दारापुढच्या दहा फुटांवर मात्र चार-चार बैठका होतात. त्यातलं अर्धं भांडण निव्वळ शब्दांचं असतं. दोघांना हवी असते एकच जागा, पण नावं वेगळी. किंवा उलटं: नाव एकच, आणि बापाच्या मनातली जागा वेगळी, पोराच्या मनातली वेगळी. हे दुसरं जास्त महाग पडतं, कारण ते कळतं स्लॅब पडल्यावर.

म्हणून मी आता नाव विचारतच नाही. तीन गोष्टी विचारतो: खाली काय, वर काय, आणि परका माणूस कुठवर. खाली काय म्हणजे ती जागा अंगणाच्या बरोबरीची की जोत्यावर उचललेली. वर काय म्हणजे घराचंच छप्पर पुढं आलंय, वेगळं उतरतं छप्पर टेकवलंय, की वर आभाळच आहे. आणि तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. वीजबिल द्यायला आलेला पोरगा, सोयरीक बघायला आलेले पाहुणे, मजुरी मागायला आलेली बाई, शेजारची काकू, यातलं कोण कुठं थांबतं? आपल्या भाषेतले हे सगळे शब्द या तीन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं आहेत. त्यामुळे त्यांचं एकमेकांत भाषांतर होत नाही, इंग्रजीत तर नाहीच.

मिस्त्रीपासून सुरू करतो, कारण त्याचं काम अडलंय. ओटा म्हणजे फक्त उंची. ओट्यावर छप्पर असेल-नसेल. जमिनीपासून उचललेली, माणूस टेकू शकेल अशी पक्की जागा म्हणजे ओटा. स्वयंपाकघरात गॅस ठेवतो त्यालाही आपण ओटाच म्हणतो, पिंपळाच्या पाराला कुणी ओटा म्हटलं तरी चालतं. आमच्याकडचे म्हातारे त्याला वटा म्हणतात. मिस्त्री ‘ओटा किती उचलू’ विचारतो तेव्हा तो खरं तर जोत्याची उंची विचारत असतो, आणि तो योग्य वेळी विचारतोय.

इथं एक इशारा देतो, मी स्वतः मार खाल्लेला आहे. तुमची जमीन काळी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. घराचा पाया आपण खोल मुरमापर्यंत नेतो आणि ओट्याच्या वेळी म्हणतो, ओटाच तर आहे, वरच्यावर रचून टाक. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी असाच घर झाल्यावर पुढं ओटा चिकटवला. दोन पावसाळ्यांत ओटा घरापासून बोटभर सुटला. घरमालकिणीनं त्या फटीत सिमेंट भरलं, पुढच्या उन्हाळ्यात ती परत उघडली. घर एका जागी उभं राहतं आणि ओटा मातीबरोबर वरखाली होतो, मग फट बुजणार कशी? दारापुढं काय हवं ते पाया खणायच्या आधी ठरवा आणि त्याचा पायाही मुरमापर्यंत न्या.

ओट्यावर छप्पर आलं, निदान एक बाजू मोकळी राहिली आणि पुढं खांब आले की झाली ओसरी. वऱ्हाडी तोंडात वसरी. ओसरी म्हणजे काय हे एका म्हणीनं कोणत्याही व्याख्येपेक्षा नीट सांगितलंय: भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. घर न देता परक्याला देता येईल अशी जागा म्हणजे ओसरी. त्यावर छप्पर आहे, अंग टाकायला जागा आहे, रात्र काढता येते, पण ती घराच्या उंबऱ्याबाहेर आहे. तुमच्या वाड्यात आणखी एक ओसरी असणार, आतल्या चौकाकडे तोंड केलेली, जिथं बायका धान्य निवडायच्या. तीही ओसरीच. म्हणजे ओसरी हा काही प्रवेशाचा शब्द नाही, मोकळ्या बाजूच्या छपराखालच्या जागेचा शब्द आहे. बाबांना विचारा, त्यांच्या डोळ्यांपुढं बाहेरची आहे की आतली. मी एकदा हे विचारायला विसरलो होतो. घर झाल्यावर मालक म्हणाले, ‘हे रस्त्याले तोंड करून काय बसवलं? मी तं आंगनातली सांगतली होती.’

पडवी हा शब्द आपल्याकडे कमी ऐकू येतो. पण टीव्हीवर आणि पुण्यातल्या नातेवाइकांकडून ऐकून लोक तो वापरायला लागलेत. पडवी कळते ती वर पाहून. मुख्य छपराचा पाखा, म्हणजे उतरती बाजू, जिथं संपतो तिथून आणखी एक उतरता पाखा खाली सोडला की त्याखालची जागा पडवी. ती पुढं असते, मागं असते, बाजूलाही असते. कोकणात पुढची पडवी ही घराची बैठक, आपल्याकडे तसाच उतरता पाखा बहुधा मागं टाकतात आणि त्याखाली पऱ्हाट्या, तुराट्या (कापसाची, तुरीची वाळलेली झाडं), वखर, फवारणीचा पंप. तुम्ही नकाशावर ‘पडवी’ लिहिलंत तर तुमचा मिस्त्री गोंधळेल, म्हणून लिहू नका. आजोळ कोकणात असेल तर गोष्ट वेगळी.

आता छपरी. मोठ्या बाबांचा शब्द अगदी अस्सल आहे. छप्पर या शब्दाचं लहान रूप, आणि वर्ध्यापासून पूर्वेकडे नागपूर, भंडाऱ्यापर्यंत तो रोजच्या बोलण्यातला. ‘छपरीत बस, पाणी आणतो.’ झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, पुढं गेलात की त्याची सपरी होते, आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या घरांत परछी. छपरीत आणि ओसरीत फरक काय? मला इतक्या वर्षांत जो जाणवला तो असा: ओसरी घराबरोबर जन्माला येते, छपरी नंतरही येऊ शकते. छपरीला कवेलू (कौलं) चालतात, टिन चालतं, बांबूवर पसरलेल्या तुराट्याही चालतात. खाली शेणानं सारवलेली जमीन असली तरी छपरीच. ओसरीला जोतं लागतं, छपरीला ते असलंच पाहिजे असं नाही. म्हणजे तुमचे बाबा ‘खाली’ बघून बोलताहेत आणि मोठे बाबा ‘वर’ बघून. दोघंही बरोबर आहेत.

या शब्दाला अलीकडे एक दुखणं जडलंय. शहरातली पोरं ‘छपरी’ हा शब्द भडक, टुकार माणसासाठी शिवीसारखा वापरतात. मागच्या वर्षी एका कॉलेजातल्या मुलानं माझ्या नकाशावरचा ‘छपरी’ हा शब्द खोडायला लावला, मित्र पाहतील म्हणून. त्याच्या आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘का झालं? छपरी नाई बांधून राह्यला का आता?’ त्यांना समजावताना मला घाम फुटला.

हे शब्द नदी ओलांडली की का बदलतात, हे कोणी विचारत नाही, पण मला त्याचं कायम कुतूहल वाटत आलंय. वर्धा नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड. ते १८५३ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्या साली इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १९०३ मध्ये कारभारासाठी मध्य प्रांताला जोडलं गेलं. पूर्वेला नागपूरकर भोसल्यांचं राज्य, मग मालगुजारी (इंग्रजांच्या काळातली जमीनदारीची पद्धत), आणि १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी अशा जोड प्रांताची राजधानी. त्यामुळे इकडं फारसी वळणाचे शब्द वाड्यांत मुरले, तिकडं हिंदी-छत्तीसगढीशी देवाणघेवाण झाली. पाऊसही वेगळा. बुलडाण्याकडे वर्षाला साधारण ७५०-८०० मिलिमीटर पडतो, गडचिरोली-गोंदियाकडे १३०० च्या वर. म्हणून पश्चिमेला मातीची सपाट धाबी टिकली आणि पूर्वेला कवेलूंची खाली झुकलेली छपरं आली. सपाट धाब्याच्या घरात डोळा जोत्यावर आणि खांबावर जातो, म्हणून तिथं ओटा-ओसरी जास्त बोलली जाते. उतरत्या छपराच्या प्रदेशात नावही छपरावरूनच पडणार. हा शेवटचा तर्क माझा आहे, भाषेच्या अभ्यासकाचा नव्हे.

छपराच्या कडेचाच एक शब्द इथं सांगून टाकतो, तो नकाशावर कधीच येत नाही: वळचण. पाख्याची कड भिंतीच्या पुढं येते, तिच्याखालची हातभर जागा. पाऊस आला की वाटसरू वळचणीला उभा राहतो. घरात येण्याची परवानगी त्याला लागत नाही, मागायची वेळही येत नाही. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात ते याच जागेवरून. नव्या स्लॅबच्या घरांना वळचण नाही, दोन फुटांचा छज्जा असतो तो खिडकीवर. तुमच्या आर्किटेक्टला म्हणावं, स्लॅब दर्शनी भिंतीच्या तीन फूट पुढं काढ. भिंतीवर ऊन कमी येतं आणि शाळेतून भिजत येणारी पोरं तिथं थांबतात.

आजीच्या ढेलजेकडे येऊ. ढेलज किंवा ढाळज हा फारसी ‘दहलीज’चा नातेवाईक. हिंदीत दहलीज म्हणजे उंबरठा, फारसीत उंबऱ्यालगतची देवडीसारखी जागाही. आपल्या वाड्यांतली ढेलज म्हणजे मोठ्या दरवाजातून आत शिरल्याबरोबर दोन्ही अंगांना असलेली छपराखालची, उचललेली बसायची जागा. ओसरी दाराच्या बाहेर असू शकते, ढेलज दाराच्या आत. इथं हिशेब बघायचा, तक्रारी ऐकायच्या, कापसाचा व्यापारी बसायचा. तो वाड्यात आलेला असायचा, घरात मात्र नाही. तुमच्या आजीला नेमकी ही मधली जागा हवी आहे. तिला बाहेरचं दिसलं पाहिजे, आलेल्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, आणि रस्त्यावरून ती मात्र दिसता कामा नये.

देवडी तिची थोरली बहीण. देवडी म्हणजे दरवाजालगतची पहारेकऱ्याची जागा. गडकिल्ल्यांवर दरवाजातून आत गेल्यावर दोन्ही बाजूंना कमानीच्या खोल्या दिसतात, त्या देवड्या. आपल्याकडे अकोला जिल्ह्यात नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पंधराव्या शतकातला आहे, त्याच्या दोन्ही अंगांना अशा खोल्या पाहायला मिळतात. नक्षीच्या नादात लोक त्यांच्याकडे बघत नाहीत. मोठ्या देशमुखी वाड्यांनाही देवडी असायची. आज फार्महाऊसच्या गेटजवळ वॉचमनची केबिन बांधतात तिला मी देवडीच म्हणतो, मालक हसतात आणि खूश होतात.

एक किस्सा. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मालकानं मिस्त्रीला फोनवर सांगितलं, गेटपाशी एक देवडी काढ. मिस्त्रीनं ऐकलं देवळी. देवळी म्हणजे भिंतीतला दिवा ठेवायचा कोनाडा. मी साइटवर पोचलो तर गेटच्या खांबात सुंदर महिरपीची देवळी तयार होती, आत टाइल बसवलेली, आणि पहाऱ्याला येणारा म्हातारा उन्हात दगडावर बसलेला. मिस्त्री वर म्हणतो, ‘त्याहिनं देवळीच सांगतली, मी देवळी तालुक्यातलाच हाओ, मले नाई कळनार का?’ देवळी ठेवली, देवडी नंतर बांधली. तेव्हापासून फोनवरच्या तोंडी सूचना बंद, कागदावर चित्र काढल्याशिवाय विटा नाहीत.

दिंडीबद्दल विचारलेलं नाही, पण तुमच्या जुन्या दरवाजाचा फोटो पाहिला म्हणून सांगतो. मोठ्या दाराच्या फळीत जे लहान दार कापलेलं दिसतं ती दिंडी. वारकऱ्यांच्या दिंडीशी त्याचा संबंध जोडू नका. मोठं दार बंडीसाठी, म्हणजे बैलगाडीसाठी, उघडायचं, माणसांसाठी दिंडी. दिंडीतून वाकूनच आत यावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाला तलवार उपसता येत नाही, अशी तिची कथा वाडेवाले रंगवून सांगतात. तुमचा दरवाजा सागाचा आहे, कुठंही किडलेला नाही. भंगारात देऊ नका. गेटवर तोच बसवा आणि शेजारी ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी १२ फुटांचं लोखंडी फाटक वेगळं ठेवा. जुन्या दारातून बंडी जायची, ट्रॉली वळत नाही.

उंबरठा मात्र सगळ्यांना माहीत असूनही आज सगळ्यात जास्त धोक्यात आहे. हा शब्द उंबरापासून, संस्कृत उदुंबरापासून आलेला. त्या भाषेत उदुंबर या शब्दाचा एक अर्थच उंबरठा असा आहे. त्याचा दुसरा संस्कृत शब्द देहली. संस्कृतात ‘देहलीदीपन्याय’ नावाचा दृष्टांत आहे तो इथला: उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही. देवळांत उंबऱ्यावर कीर्तिमुख कोरतात, घरी आपण हळदीकुंकू वाहतो, नव्या नवरीला माप ओलांडायला लावतो. सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवतो ते वेगळं.

आता चौकटी तीनच बाजूंच्या येतात, खाली लाकूड नाही. फरशी सलग दिसते, झाडू सरळ बाहेर जातो, सगळे खूश. पहिल्या पावसात दाराखालून पाणी येतं आणि विंचू येतो. शहरात हे चालतं. शेताला लागून घर असलेल्यानं उंबरठा सोडू नये. आजीच्या गुडघ्यांची काळजी असेल तर एक इंचाची ग्रॅनाइटची पट्टी बसवा, दोन्ही कडा उतरत्या घासून घ्या. पाय अडखळत नाही, चाकाची खुर्ची जाते, पाणी थांबतं. सुताराला सांगा, दाराची खालची कड त्या पट्टीवर घट्ट बसली पाहिजे.

नकाशावरच्या इंग्रजी नावांचा पत्ता आता लावू. व्हरांडा शब्द पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडं गेला आणि त्यांच्या बंगल्यांबरोबर, शाळांबरोबर, रेस्ट हाऊसबरोबर आपल्याकडं रुळला. राष्ट्रीय इमारत संहितेत त्याची व्याख्या सोपी आहे: छताखालची, निदान एक बाजू बाहेरच्या दिशेनं मोकळी असलेली जागा. थोडक्यात ओसरी. म्हणून परवानगीच्या अर्जावर ‘व्हरांडा’ लिहा आणि घरात ओसरी म्हणा, त्यात काही खोटं नाही. पोर्च म्हणजे त्याच संहितेप्रमाणे माणसांना किंवा वाहनांना इमारतीशी यायला छताखालची जागा. तिथं बसणं अपेक्षित नाही, उतरणं आणि आत जाणं अपेक्षित आहे. आपल्याकडे पोर्च म्हणजे गाडी उभी करायची जागा एवढाच अर्थ उरलाय. गाडी नसलेल्यांच्या पोर्चमध्ये तुरीची पोती असतात. असूद्यात.

फॉयर हा शब्द मला फार आवडतो, कारण तो फ्रेंचमध्ये मुळात चुलीचा, शेकोटीच्या जागेचा शब्द आहे. थंड देशात नाटकाला आलेली मंडळी जिथं ऊब घ्यायची ती खोली. नवतपात, मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४५-४६ अंश तापणाऱ्या आपल्या गावात, दारातून आत आल्याबरोबर सहा बाय सहाची बंद, बिनखिडकीची खोली बांधायची आणि तिला शेकोटी म्हणायचं! तुमच्या आर्किटेक्टची चूक नाही, शहरातल्या फ्लॅटमध्ये चपला आणि छत्र्या ठेवायला ती लागते. इथं चपला ओसरीवर राहतात.

सिटआउट म्हणजे काय, तर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मावतील अशी ओसरी. तुमच्या नकाशात ती पाच फूट रुंद आहे. माझा हिशेब बाजेवरून चालतो. बाज सहा फूट लांब, तीन फूट रुंद. ती आडवी टाकली आणि माणसाला बाजूनं जायला वाट राहिली पाहिजे, म्हणजे ओसरी आठ फुटांच्या खाली नको. सात फुटांत भागतं, पाचात नाही. एप्रिलपासून जूनपर्यंत घरातली निम्मी माणसं रात्री तिथं झोपणार आहेत. शिवाय कूलर. बैठकीच्या खिडकीला कूलर लावायचा तर तो ओसरीच्या सावलीत उभा राहिला पाहिजे, उन्हातला कूलर पाणी पितो आणि वारा गरमच देतो. घराचं तोंड पश्चिमेला असेल तर ओसरीची कड खाली आणा. सेवाग्रामला बापूकुटी बघून या, तुमच्यापासून फार लांब नाही. गांधीजी १९३६ मध्ये तिथं, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू आणि खाली झुकलेलं छप्पर. दुपारी भिंतीला हात लावून बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

घरकुलाच्या घरांत हा प्रश्न आणखी अवघड होतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. त्यात ओसरी बसवायला गेलं की खोली जाते. लोक खोली ठेवतात आणि शेवटचा हप्ता मिळाल्यावर पुढं टिनाची छपरी काढतात. मी कोणाला नाही म्हणत नाही, एवढंच सांगतो की टिनाखाली उन्हाळ्यात तुराट्यांचा थर बांधा, आणि सुरुवातीलाच दर्शनी भिंतीत दोन हूक सोडून ठेवा, नंतर भिंत फोडावी लागत नाही.

‘परका माणूस कुठवर’ हा प्रश्न मी वर सहज विचारला, पण तो सहज नव्हता. जुन्या वाड्यात ही सगळी रचना जातीवरही चालायची. कोणी अंगणातच उभं राहायचं, कोणी ओट्याच्या कडेला टेकायचं, कोणी ओसरीवर बसायचं, कोणाला उंबऱ्याच्या आत यायला मिळायचं, हे न बोलता ठरलेलं होतं, आणि पाणी वरून ओतलं जायचं. काही वर्षांपूर्वी एका बौद्ध कुटुंबाचं घर बांधलं. एकूण पाचशे फुटांचं घर, त्यात म्हाताऱ्यांनी दीडशे फुटांची ओसरी मागितली. मी म्हटलं, खोल्या लहान होतील. ते म्हणाले, ‘होऊ दे. आमच्या बापाले कोनी वसरीवर बसू देल्लं नाई. माह्या वसरीवर गाव बसलं पायजे.’ तिथं मी ओसरी रस्त्याच्या दिशेनं पूर्ण मोकळी ठेवली, कठडासुद्धा बांधला नाही. पुढच्या तान्ह्या पोळ्याला गावभरची पोरं लाकडी बैल घेऊन तिथं रांगेत बसली होती आणि म्हातारे प्रत्येकाला बोजारा, म्हणजे सणाची छोटी भेट, देत होते.

देवळाच्या शब्दांचं दोन वाक्यांत आटोपतो, कारण जीर्णोद्धाराच्या समित्या हेच विचारतात. पुढं आलेला, खांबांवरचा प्रवेशाचा भाग तो मुखमंडप किंवा अर्धमंडप, मग सभामंडप, मग गाभाऱ्यापुढची अरुंद जागा ती अंतराळ. आणि आवाराच्या भिंतीलगत यात्रेकरूंना उतरायच्या ज्या छपराच्या ओळी त्या ओवऱ्या. ओवरी आणि ओसरी यांचा घोळ घालू नका. ओवरी घराला नसते.

आता तुमचा नकाशा. पोर्च १०x१४ चा आहे, तो राहू द्या, कापसाच्या हंगामात उपयोगी पडेल, पण त्याला ओसरीपासून सहा इंच खाली ठेवा म्हणजे धूळ आणि पाणी वर चढणार नाही. सिटआउट खोडून तिथं ‘ओसरी (व्हरांडा)’ लिहा, ८x१६ करा. वाढीव जागा फॉयर काढून मिळते. फॉयरच्या उरलेल्या कोपऱ्यात, दाराच्या आत डाव्या हाताला, दीड फूट उंच आणि दोन फूट रुंद असा बांधीव कट्टा काढा, त्याच्या डोक्याशी ओसरीकडे उघडणारी जाळीची खिडकी. त्यावर ‘ढेलज’ लिहा. आर्किटेक्ट विचारेल, तेव्हा माझा हा मजकूर त्याला दाखवा. मोठ्या बाबांची छपरी घराच्या मागच्या बाजूला, कोठ्याला (गुरांच्या गोठ्याला) लागून, कवेलूंची. कवेलू जुन्या वाड्याचेच निघतील, पाडताना मजुरांना फेकू देऊ नका, एकेक उतरवून घ्या.

मिस्त्रीला सांगा, ओटा जमिनीपासून अडीच फूट. पायऱ्या पाच, प्रत्येक सहा इंचांची. सगळ्यात खालची पायरी इतर पायऱ्यांपेक्षा लांब आणि दीड फूट रुंद घे, कारण घरात कितीही खुर्च्या आणल्या तरी संध्याकाळी आजी बसणार आहे त्याच पायरीवर.